सापडेल इतकंच लपवायचं

लग्नाचा व्हिडिओ बघायला बसले की मला नवरा-नवरी दिसत नाहीत. मागे खुर्चीवर उभा राहून फुग्यांची माळ बांधणारा माणूस दिसतो आणि लगेच डोक्यात सुरू होतं : असा माणूस आणखी किती लग्नांत असेल? खुर्ची लाल आहे, पण ती मंडपवाल्याची, तशा सगळीकडेच असतात. त्याच्या खांद्यावर मात्र झोपलेलं मूल आहे. खांद्यावर मूल घेऊन फुगे बांधणारा दुसरा कोणी सापडायचा नाही. हा चालेल. मग मी रिमोट मागून घेते, तेवढा तुकडा पुन्हा बघते, आणि ज्यांच्या घरी बसलेय ती माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. माझ्या सख्ख्या भाचीनं तिच्या लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यात बंद केला. म्हणाली, "मावशी, तू माझ्याकडे बघतच नाहीयेस." खरंच बघत नव्हते.

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका महाविद्यालयात संगणक शिकवायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. शिकवणं सुटलं, पण त्याच्या जोडीनं अंगाला चिकटलेलं दुसरं काम सुटलेलं नाही. व्हिडिओंच्या ढिगातून हवा तो तुकडा शोधून देणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांची परीक्षा घेण्यासाठी मी प्रश्न काढते. आमच्या शेजारच्या भामरे वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही पेपर सेटर."

"हो. पण पेपर यंत्राचा."

"यंत्र नापास झालं तर?"

"ज्यांनी बनवलं ती पोरं तोंड पाडून बसतात."

"मग आपल्यासारखंच की," असं म्हणून त्या कोथिंबीर निवडायला लागल्या. माझ्या कामाचं इतकं थोडक्यात वर्णन मलाही कधी जमलं नाही.

थोडं सविस्तर सांगते. जळगाव-धुळ्याच्या काही महाविद्यालयांनी मिळून एक स्पर्धा सुरू केली. लग्नाचे शूटिंगवाले, गॅदरिंगचे कॅमेरे, केळीच्या बागेतली प्रात्यक्षिकं, बैलबाजार, कुस्त्या असं ज्यांच्याकडे जे चित्रण होतं ते त्यांची परवानगी घेऊन आम्ही एकत्र केलं. एका माणसानं रात्रंदिवस बघितलं तरी कित्येक महिन्यांत संपणार नाही एवढा तो ढीग. स्पर्धेच्या दिवशी निरनिराळे संघ आपापलं सॉफ्टवेअर घेऊन येतात. पडद्यावर आम्ही ढिगातला एक छोटा तुकडा दाखवतो आणि घड्याळ लावतो. हा तुकडा कुठे आहे ते शोधा. कधी तुकडा दाखवतच नाही, नुसतं शब्दांत वर्णन करतो, तेही एकेक वाक्य थांबत थांबत. जो आधी शोधेल त्याला जास्त गुण. चुकीचा तुकडा पाठवला की गुण कापायचे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यंत्र एकटं शोधत नाही. समोर माणूस बसलेला असतो. तो शब्द टाकतो, यंत्र त्याला चित्रं काढून देतं, तो म्हणतो हे नको, असं पाहिजे, मग शब्द बदलतो. त्या दोघांची मिळून परीक्षा असते. त्यामुळे प्रश्न काढणाऱ्याला दोघांचं डोकं कसं चालतं ते ओळखावं लागतं. प्रश्न सोपा झाला तर सगळे संघ एकदम हात वर करतात, कोण चांगला ते कळत नाही. अवघड झाला तर सगळे घामाघूम होतात आणि तरीही काही कळत नाही. म्हणून लपवायचं, पण सापडेल इतकंच. हे 'इतकंच' किती, या एका शब्दापायी माझी वर्षानुवर्षांची झोप गेली आहे.

पहिली मोठी फजिती जळगावात झाली. हिवाळ्याचे दिवस होते. आमचे मुख्य परीक्षक रफिक सर, जळगावच्याच महाविद्यालयातले, मोठे शिस्तीचे. प्रश्न शब्दांचा होता. पहिलं वाक्य, शेतात विस्तव पेटलाय आणि त्यात वांगी भाजली जातायत. दुसरं, एक माणूस लाकडी बडगीत, म्हणजे डोणीसारख्या भांड्यात, भाजलेली वांगी ठेचतोय. तिसरं, मागे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी आहे. खानदेशातला वाचक इथेच हसायला लागला असेल. हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यात ज्या शेतात भरिताची पार्टी होत नाही असं शेत दाखवा! पण प्रश्न आम्ही तिघाचौघांनी तपासला होता आणि ढिगात असा एकच तुकडा आहे अशी आमची खात्री झाली होती.

एका संघानं उत्तर पाठवलं. परीक्षकांनी चूक दिलं. गुण कापले गेले. त्या संघाची वैशाली चौधरी नावाची तिशीतली इंजिनीअर होती, सॉफ्टवेअर तिनंच बांधलेलं. ती तडक आमच्या टेबलापाशी आली. आवाज चढवला नाही तिनं. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या वर्णनातलं काय माझ्या तुकड्यात नाहीये, तेवढं सांगा."

मी बघितलं. विस्तव होता, वांगी होती, बडगी होती, ट्रॉली होती. फक्त शेत वेगळं होतं आणि ठेचणारा माणूस वेगळा होता.

रफिक सर म्हणाले, "आपण ठरवलेला तुकडा हा नाही."

"सर, तुम्ही काय ठरवलंय ते मला कसं कळणार? मला तुमचे शब्दच दिलेत ना?"

सभागृहात घड्याळ चालूच होतं, बाकीचे संघ धडाधड उत्तरं पाठवत होते आणि त्यातली निम्मी पुन्हा तिसऱ्याच शेतातली. मी उठून उभी राहिले. पुन्हा बसले. पाणी प्यायले. शेवटी माईक घेऊन सांगितलं की हा प्रश्न रद्द. झालं, ज्याला आमचा ठरलेला तुकडा सापडला होता तो संघ खवळला. त्यांचा मुलगा म्हणाला, "आम्ही बरोबर शोधलं त्याची शिक्षा काय म्हणून?" त्याचंही खरं होतं. त्या दिवशी जेवणात भरीतच होतं, आणि वाढणाऱ्यांनी आमच्या टेबलाकडे फिरकायचं टाळलं असं मला उगाचच वाटत राहिलं.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. वर्णन लिहिलं की ते बंद करून ठेवायचं, आणि ज्यानं तो तुकडा बघितलेला नाही अशा माणसाला त्या वर्णनावरून काय काय चालू शकेल ते शोधायला लावायचं. जे कुठेही असू शकतं ते वर्णनातून काढायचं आणि जे त्याच ठिकाणी आहे ते घालायचं. सांगायला सोपं आहे. बघणाऱ्याच्या डोक्यात आधी सगळीकडे असतं तेच येतं.

गिऱ्हाईकंही एकेक भेटली. स्पर्धेत एक फेरी नवख्यांची असते. ज्यांनी ही यंत्रं कधी हाताळली नाहीत अशा माणसांना बसवतो, म्हणजे सॉफ्टवेअर साध्या माणसाला वापरता येतं का ते कळतं. एका वर्षी रावेरकडच्या सिंधूताई आल्या होत्या. त्यांच्या केळीच्या बागेचं चित्रण आमच्या ढिगात होतं, म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. प्रश्न होता पाण्याच्या टाकीवर बसलेल्या मोराचा. सिंधूताईंनी मोराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माईकमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आमची गाय दाखव."

पडदा गाईंनी भरून गेला. पांढऱ्या, काळ्या, गिर, जर्सी, बैलबाजारातल्या, पोळ्याच्या बैलांसकट. सिंधूताईंनी चष्मा वर-खाली करून सगळ्या बघितल्या.

"ह्या काई आमच्या नाही," त्या म्हणाल्या. "ह्याले आमची गाय ठाऊक नाही का?"

"ताई, त्याला 'आमची' म्हणजे कुणाची ते कळत नाही," मी म्हटलं.

"मंग ह्याले इतके पैसे लावून शिकवलं काय?"

सगळे हसले, त्याही हसल्या. पण गाय काही त्यांनी सोडली नाही. यंत्रावर बसलेल्या मुलाला बाजूला घेऊन त्या सांगत राहिल्या, तांबडी होती, कपाळावर टिळा होता, विकावी लागली. वेळ संपली. मोर कुणालाच सापडला नाही. मी मात्र घरी जाताना अस्वस्थ होते. आम्ही ठरवून दिलेलं शोधायला माणसं आणतो, आणि माणूस येतो ते स्वतःचं काहीतरी शोधायला. आमच्या प्रश्नांत 'आमचं' असं काही कधी नव्हतंच. मी हे रफिक सरांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, त्याला गुण कसे द्यायचे?"

त्यानंतरच्या वर्षी स्पर्धा धुळ्याला आमच्याकडे होती. एप्रिल संपत आलेला, आणि आमच्याकडचा एप्रिल म्हणजे काय ते धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. आदल्या दिवशी संघ येऊन आपापली यंत्रं प्रयोगशाळेत लावत होते. दुपारी जेवून मी परत येत होते तर दारातच भटू पाटील उभा. माझा जुना विद्यार्थी, नरडाण्याच्या पुढे गाव, आता औद्योगिक वसाहतीत नोकरीला. सोबत त्याची बायको कल्पना. दोघांचे चेहरे उन्हानं काळवंडलेले.

"मॅडम, नाना सकायपाशीन घर नहीत," भटू म्हणाला. "बठ्ठं गाव धुंडी टाकं."

नाना म्हणजे त्याचे वडील. वय झालेलं, आणि गेली दोन-तीन वर्षं आठवण घसरत चाललेली. कधी गावातल्याच गल्लीत वाट चुकायचे. पण त्या दिवशी सकाळी सगळे कामात असताना निघाले ते परतलेच नाहीत. पोलिसात कळवून झालं होतं, नातेवाईक मोटारसायकली घेऊन चारी दिशांना गेले होते. भटूनं आणखी एक केलं होतं. नरडाणा स्टेशनच्या रस्त्यावरची दुकानं, महामार्गावरचे पेट्रोलपंप, सोनगीरकडचे दोन ढाबे, जिथे जिथे कॅमेरा होता तिथे जाऊन हातापाया पडून चित्रण मागून आणलं होतं. आत येऊन त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ओतले.

"हाई दखाले माले आठ दिन लागतीन. तुम्हनं तर व्हिडिओ धुंडानंच काम शे ना, मॅडम?"

मी काय म्हणणार? माझं काम शोधायचं नाही, दुसऱ्यांना शोधायला लावायचं आहे, हे त्या क्षणी सांगण्यासारखं नव्हतं. बाहेर ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. त्या उन्हात एक म्हातारा माणूस सकाळपासून कुठेतरी होता.

प्रयोगशाळेत वैशाली चौधरी होती. भरिताच्या भांडणानंतरही ती दर वर्षी यायची, आणि त्या वर्षी तिचं सॉफ्टवेअर सगळ्यांत पुढे होतं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला, "स्पर्धेचं लावलेलं सगळं हलेल. चालेल?"

रफिक सर मध्ये पडले. "मॅडम, उद्या बाकीचे संघ बोलतील. एकाच संघाला आदल्या दिवशी आपण काम दिलं म्हणून."

"बोलू देत," मी म्हटलं.

त्यावर सर स्वतःच खाली वाकून दुसरा संगणक वैशालीच्या यंत्राला जोडायला लागले.

चित्रण यंत्रात गेलं की ते त्याचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्यात काय दिसतंय ते आपल्या भाषेत नोंदवतं, आणि मगच शोधता येतं. त्याला वेळ लागतो. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. भटू तिच्याकडे बघत उभा. दर थोड्या वेळानं त्याचा फोन वाजायचा, तो बाहेर पळायचा आणि मान हलवत आत यायचा. मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. कल्पनानं मला हात धरून बसवलं. घरातलं माणूस तिचं हरवलं होतं आणि धीर ती मला देत होती.

पट्टी संपली. वैशालीनं विचारलं, "नानांनी काय घातलं होतं?"

"धोतर, सदरा, पांढरी टोपी," कल्पना म्हणाली. "आखो काय सांगू?"

वैशालीनं शब्द टाकले. पडदा पांढऱ्या टोप्यांनी भरला. स्टेशनच्या रस्त्यावर टोप्या, पंपावर टोप्या, एसटीची वाट बघणाऱ्या टोप्या. लग्नसराई होती, एक अख्खी वरातच ट्रॅक्टरमधून गेली होती. भटू एकेका चित्रावर बोट ठेवत गेला. हे नहीत. हे नहीत. हे आमच्या काकासारखे, पण काका नव्हेत. यंत्र खाली खाली आणखी टोप्या देत राहिलं.

हे दृश्य मी जळगावात बघितलं होतं. वर्णन बरोबर होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी वैशालीला थांबवलं आणि कल्पनाकडे वळले.

"कपडे सोड. नाना बाहेर पडले की करतात काय? दुसरं कोणी करणार नाही असं?"

ती विचारात पडली. भटू चिडून म्हणाला, "मॅडम, टाइम जाई ऱ्हायना."

"सांग कल्पना."

"ते डायव्हर व्हतात ना," ती म्हणाली. "उभी गाडी दिखनी का चाके ठोकतस. काठीघाई. कोनीबी गाडी ऱ्हावो. परवा दूधवालानी गाडी ठोकी तर त्यानी भांडण करं."

नानांनी उमेदीची सगळी वर्षं मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवला होता. टायरमध्ये हवा बरोबर आहे का ते चालक काठीनं ठोकून आवाजावरून बघतात. बाकीचं घसरत गेलं तरी हे हातात राहिलं होतं.

वैशालीनं टाकलं, 'उभा ट्रक, म्हातारा माणूस काठीनं टायर ठोकतो.' ट्रक आले, क्लीनर आले, पंक्चर काढणारी पोरं आली. म्हातारा नाही. तिनं शब्द बदलून पाहिले, पुन्हा तेच. भटू खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं.

मी पडद्याच्या कोपऱ्यात बघत होते. वैशालीनं वेळ ठरवून दिली होती, आजच्या सकाळपासून पुढचं तेवढंच दाखव म्हणून. बरोबरच होतं ते. पण प्रश्न काढता काढता मी एक शिकले होते. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर विसंबून मी कधीही प्रश्न काढत नाही, कारण निम्म्या दुकानदारांनी ती कधी लावलेलीच नसते.

"वेळेची अट काढ," मी म्हटलं.

"मॅडम, मग जुनंही सगळं येईल."

"येऊ दे."

तिनं अट काढली. आणि दुसऱ्याच ओळीत तो आला. सोनगीरजवळच्या ढाब्याचं आवार, ओळीनं उभे ट्रक, आणि एक माणूस काठीनं टायर ठोकतोय. कोपऱ्यात तारीख आदल्या दिवशीची होती. डोक्यावर टोपी नव्हती, पंचा बांधलेला. अंगात सदऱ्यावरून कुणाचा तरी चौकड्यांचा शर्ट. आम्ही टोपी शोधत राहिलो असतो तर हा माणूस जन्मात सापडला नसता.

भटू म्हणाला, "हाई कालदिनना शे. काल तर नाना घरमाच व्हतात."

पण कल्पना पडद्याला नाक लागेल इतकी पुढे गेली होती. त्या माणसानं टायर ठोकला, मग त्यावर तळहात ठेवला आणि कान वाकडा केला.

"नानाच शेतस!" ती ओरडली.

नाना काल घरी होते आणि चित्रात नानाच होते, म्हणजे घड्याळ चुकलेलं होतं. हे चित्रण आजचंच. वैशालीनं तुकडा पुढे सोडला. नाना एकेक चाक ठोकत एका ट्रकच्या पुढच्या बाजूला गेले. चालकाशी काही बोलले. दार उघडलं, वरून एक हात आला, आणि नाना जिथे आयुष्य काढलं तिथे चढावं तसे सहज केबिनमध्ये चढले. ट्रक निघून गेला.

भटूनं ढाब्यावर फोन लावला. मालकानं ट्रक ओळखला, कांद्याची गाडी, नेहमीची. चालकाचा नंबर त्याच्याकडे होता. चालक हिंदी बोलणारा, बिचारा घाबरूनच गेला. "चाचा बोले मेरी गाडी पळासनेर में खडी है, वहां तक छोड दो. इतना सब जानते थे गाडी का, मैं समझा उस्ताद हैं. छोड दिया."

पळासनेर म्हणजे मध्य प्रदेशच्या हद्दीलगत, घाटाच्या पायथ्याशी. भटू आणि बाहेर थांबलेला त्याचा चुलतभाऊ गाडी घेऊन सुटले. आम्ही मागे थांबलो. रफिक सरांनी सगळ्यांना चहा मागवला, तो तसाच गार झाला. सरांनी उद्याच्या प्रश्नांची यादी पुढ्यात ओढली आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसले. मी खिडकीत उभी राहिले, मग दारात, मग पुन्हा खिडकीत. ऊन उतरायला लागलं तेव्हा कल्पनाचा फोन वाजला. तिनं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसली. भटू पलीकडून रडत होता, पण शब्द कळत होते. नाना सापडले. एका बंद पडलेल्या ट्रकच्या सावलीत झोपले होते. ओठ फुटलेले, अंग तापलेलं, पण भटूला बघून त्यांनी विचारलं म्हणे, डिझेल भरलं का.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत तिथेच राहिले असते तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा झाली. सुरुवातीलाच रफिक सरांनी माईकवर आदल्या दिवशी काय झालं ते सगळ्या संघांना सांगितलं आणि कुणाची हरकत असेल तर आताच सांगा म्हणाले. एकही हात वर झाला नाही. हरकत घ्यायची गरजही पडली नाही. गडबडीत महामार्गाचं चित्रण वैशालीच्या यंत्रातून पूर्ण निघालंच नव्हतं. आम्ही मोर विचारला तर ट्रक, कुस्ती विचारली तर ट्रक. पुढे असलेला तिचा संघ शेवटून दुसरा आला. बक्षीस समारंभाला ती टाळ्या वाजवत होती, पण डोळे लाल होते. वर्षभराची मेहनत होती तिची. मी जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, आज काही बोलू नका."

काही आठवड्यांनी रफिक सरांचा फोन आला. "पुढच्या वर्षीसाठी एक प्रश्न सुचलाय. ढाब्याचा तो तुकडा."

खरं सांगते, तो माझ्याही मनात आला होता. त्या दिवशी प्रयोगशाळेत शेजारी कल्पना पदरानं डोळे पुसत होती, आणि माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्यात चाललं होतं की काय तुकडा आहे हा! एकमेव आहे, शब्दांत सांगता येतो, टोपीच्या मागे लागणारा हमखास चुकतो आणि नीट विचार करणाऱ्याला सापडतो. इतक्या वर्षांत मला असा प्रश्न मिळाला नव्हता. आणि ढिगात घालायचा तर फक्त परवानगी हवी होती. ढाबेवाला हो म्हणाला. भटूला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हनशात तसं." पण चित्रात तो नव्हता. मी म्हटलं, नानांना घेऊन ये.

एका रविवारी तो त्यांना घेऊन घरी आला. नाना छान दिसत होते, स्वच्छ सदरा, दाढी केलेली. माझ्या सोफ्यावर अवघडून टेकले. रफिक सरही जळगावहून आले होते. मी लॅपटॉपवर तुकडा लावला. नाना लक्ष देऊन बघायला लागले. पहिलं चाक, दुसरं चाक. त्यांची बोटं गुडघ्यावर हलली.

"हाऊ कोन शे?" त्यांनी विचारलं.

भटू काही बोलणार होता, मी खुणेनं त्याला थांबवलं.

"बरोबर ठोकी ऱ्हायना," नाना म्हणाले. "कान दख त्याना. आवाज आयकी ऱ्हायना. जुना मानूस शे."

मी म्हटलं, "नाना, हा व्हिडिओ आम्हाला स्पर्धेत दाखवायचाय. बाहेरची पोरं बघतील. दाखवला तर चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरले होते.

"माले काय इचारी ऱ्हायनी, बाई?" ते म्हणाले. "त्याले इचार ना."

रफिक सरांनी हात लांबवून लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं. नाना-भटू चहा घेऊन गेल्यावर मी तो तुकडा पुसून टाकला, आणि पेनड्राइव्हवरचं बाकीचंही. सर शेजारी बसून होते. "गेला प्रश्न," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी त्या जागी आम्ही केळी भरणाऱ्या ट्रकचा एक तुकडा घातला. सगळ्या संघांनी तो बघता बघता शोधला. कोण चांगला, ते काही कळलं नाही.